नाताळला लेक घरी नसणार

दिवाळीचा फराळ संपत येतो आणि नगरमधल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या साफसफाईचे बेत सुरू होतात, त्या सुमारास दरवर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी एक ठरावीक काळजी घेऊन माणसे येऊ लागतात. आईवडील विचारतात, ‘आमचा मुलगा यंदा नाताळात मंडळीतल्या तरुणांबरोबर मिशनच्या दौऱ्यावर जातो म्हणतो. देवाच्या कामाला नाही कसे म्हणायचे? पण सणाला घर सोडून जावेसे वाटावे, असे आमचे काय चुकले?’ याच काळजीची दुसरी बाजू जानेवारीत येते. दौऱ्यावरून परतलेली मुले समोर बसतात आणि खाली मान घालून सांगतात की, सगळे आनंदाने गात असताना मला मात्र घर आठवून रडू आले. माझा विश्वास कमी पडतो आहे का?

हे दोन्ही प्रश्न मला एकाच गाठीची दोन टोके वाटतात, आणि ती गाठ कशी असते हे एका घराच्या अनुभवातून सांगणे मला अधिक सोपे वाटते. त्या घरातील मायलेकींच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून मी हे लिहीत आहे. त्यांची नावे मी देणार नाही. घरात मुलीला ‘थोरली’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आई पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, एकटीच. वय पन्नाशीच्या पुढे, प्राथमिक शाळेत शिक्षिका, बोलण्यात नीटनेटकी. थोरली पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका. आधीचे दोन्ही नाताळ तिची ड्यूटी लागल्यामुळे ती घरी येऊ शकली नव्हती. या वर्षी तिने दिवाळीचे सगळे दिवस इतरांसाठी काम केले आणि त्या बदल्यात डिसेंबरच्या अखेरीस तिला सलग सुटी मिळाली. घरात आनंद झाला. एक्याऐंशी वर्षांच्या आजींनी तर थोरलीसाठी साडीही काढून ठेवली. आणि मग एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नंदुरबारच्या आरोग्य शिबिराला जाणाऱ्या तरुणांची नावे वाचून दाखवली, त्यांत थोरलीचे नाव होते. १९ ते ३० डिसेंबर, धडगाव तालुका.

‘मॅडम, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,’ आई म्हणाली. ‘बायका येऊन माझा हात हातात घेऊन सांगत होत्या, तुम्ही भाग्यवान. मी हसत होते. मला तोपर्यंत काहीच माहीत नव्हते.’

थोरलीचा फोन त्या संध्याकाळी आला. ती त्याच दिवशी सांगणार होती. नावे इतक्या लवकर वाचली जातील याची तिला कल्पना नव्हती. आईने फोनवर ‘बरे आहे, प्रभूची इच्छा’ एवढेच म्हटले आणि पुढचे दहा दिवस दोघी फक्त जेवलीस का, झोपलीस का इतकेच बोलल्या. माझ्याकडे येताना मात्र आईने आपल्या मोबाइलवर एक निरोप लिहून ठेवला होता, अजून पाठवला नव्हता. तो तिने मला दाखवला. त्यात मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला भाग होता. आईबापांना जे द्यायला हवे ते ‘देवाला अर्पण केले आहे’ असे म्हणून जे लोक त्यांची जबाबदारी टाळत, त्यांना येशू तिथे खडसावतो. खाली आईने स्वतःचे एकही वाक्य लिहिले नव्हते.

मी तिला तो निरोप निदान आमच्या पुढच्या भेटीपर्यंत पाठवू नये असे सांगितले. वचन चुकीच्या जागी होते असे मला म्हणायचे नव्हते. तो उतारा तिच्या दुःखाला अगदी नेमका लागू पडत होता. पण मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आईला मत्तयाच्या दहाव्या अध्यायाची आठवण आधीच करून दिली होती, जिथे आईबापांवरची प्रीती ख्रिस्तावरच्या प्रीतीपेक्षा अधिक असू नये असे सांगितले आहे. आता आई दुसरे वचन पाठवणार, मुलगी तिसरे शोधणार. श्रद्धाळू घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहते की, माणसे एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि पवित्र शास्त्रातली वचने एकमेकांशी बोलू लागतात. देवाचे नाव मध्ये आले की समोरच्याला उत्तर देता येत नाही. त्यामुळे वाद मिटल्यासारखा दिसतो, पण दुखणे तिथेच राहते.

मी आईला वेगळे काम दिले. ‘ताई, तुमच्या घरातला नाताळ मला सांगा. २४ तारखेच्या दुपारपासून २६च्या सकाळपर्यंत, तासातासाने. कोण काय करते, कोण कुठे बसते, सगळे.’

सुरुवातीला तिला हा प्रश्न भाबडा वाटला. मग ती सांगू लागली आणि पाऊण तास सांगत राहिली. चोवीसला दुपारी धाकटा गच्चीवर चांदणीची तार ओढतो आणि थोरली खालून ‘अजून डावीकडे’ म्हणून ओरडते. रात्री कॅरलवाले गल्लीत येतात तेव्हा दीड वाजलेला असतो, तरी आजींना उठवावेच लागते, नाही उठवले तर त्या दोन दिवस बोलत नाहीत. पंचवीसला सकाळी थोरली आजींना रिक्षाने मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये नेते, शेजारी बसते आणि गाण्यांच्या पुस्तकातले पान काढून बोटाने ओळ दाखवते, कारण आजींना बारीक अक्षर दिसत नाही. दुपारी फराळाची ताटे शेजारपाजारी जातात. ज्यांनी दिवाळीत ताट पाठवले त्या प्रत्येक घरी. आणि त्या फराळातल्या करंज्यांना मुरड थोरलीच घालते. कातण्याने कड कापलेली करंजी त्या घरात चालत नाही.

इथे आईचे हात बोलू लागले. तिने रिकाम्या डाव्या तळहातावर करंजी ठेवल्यासारखे केले आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने कडेचा पदर चिमटीत धरून तो थोडा पुढे ओढायचा, आतल्या बाजूला दुमडायचा, आणि त्या दुमडीच्या टोकावर पुढची चिमट बसवायची, असे मला करून दाखवले. ‘तिला मी सात वर्षांची असताना शिकवले,’ ती म्हणाली. ‘माझी मुरड तळताना सुटते. तिची कधीच सुटत नाही.’ आणि मग ती रडली. त्या पाऊण तासात ती पहिल्यांदाच रडली.

‘कुटुंबापासून दूर सण’ हे शब्द आपण सहज वापरतो, पण कुटुंब नावाची एखादी एकजिनसी गोष्ट कुणालाच आठवत नाही. आठवते ते असे काहीतरी: मंदिरातली आजींच्या शेजारची जागा, गच्चीखालून येणारी हाक, करंजीची कड. काळजी जोवर ‘ती नसणार’ एवढ्याच रूपात असते तोवर तिच्याशी काही करता येत नाही. कोणती जागा रिकामी राहणार हे नेमके दिसले की त्यातल्या काही जागा कुणीतरी भरू शकते, काही मुद्दाम रिकाम्या ठेवता येतात, आणि कोणत्या कशा हे घरातल्या माणसांना ठरवता येते.

थोरली आठवडाभराने आली. कामावरून थेट पुण्याहून एसटीने आली होती आणि थकलेली दिसत होती. तिला वाटत होते की मी आईची बाजू मांडेन, म्हणून तिने आधीच सगळी उत्तरे तयार ठेवली होती. सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आढळतो, गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय किती, दवाखाना गाठायला किती चालावे लागते, आणि तपासणीसाठी प्रशिक्षित हात किती कमी आहेत, हे तिने मला नीट समजावून सांगितले. तिचे म्हणणे खरे होते. आदिवासी भागातला सिकलसेल हा महाराष्ट्रातला जुना आणि गंभीर प्रश्न आहे. तिची तळमळही खरी होती. अतिदक्षता विभागात रोज यंत्रांशी झुंजताना आपण माणसाच्या फार उशिरा जवळ पोहोचतो, आजार व्हायच्या आधी कुठेतरी पोहोचायला हवे, असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात पाठ केलेले काही नव्हते.

मी तिला एकच प्रश्न विचारला. ‘हेच शिबिर जूनमध्ये असते तर गेली असतीस का?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘गेले असते. पण नाव इतक्या घाईने दिले नसते.’

नाताळला त्यांच्या घरी दोन आत्या आणि एक मावशी येतात. गेली तीन वर्षे, प्रत्यक्ष किंवा फोनवर, सणाच्या दिवशी एकच विषय निघतो: स्थळ. सत्तावीस वर्षांची झाली, पुण्यात एकटी राहते, नोकरी रात्रपाळीची, आता पुढे काय? आई त्या वेळी काही बोलत नाही, उठून आत जाते आणि चहा टाकते. आईचे ते आत जाणे थोरलीला आत्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागत होते. दोन वर्षे ड्यूटीने तिला वाचवले होते. तिसऱ्या वर्षी सुटी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने शिबिराला नाव दिले.

असे काही उघड झाले की येणारी माणसे घाबरतात. ‘म्हणजे माझी सेवा खोटी का?’ असे तिनेही विचारले. मी ठामपणे नाही म्हटले. माणूस एकाच पावलाने एका गोष्टीकडे जात असतो आणि दुसऱ्या एखाद्या गोष्टीपासून दूर जात असतो, यात पाप नाही, आणि अगदी निर्मळ एकाच हेतूने घर सोडणारे माणूस निदान मी तरी पाहिलेले नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा दूर जाण्याचे कारण सेवेच्या मागे लपवले जाते. तसे केले की आईला वाटते, देवाने माझी मुलगी नेली, आणि देवापुढे तर काही बोलताच येत नाही. खरे कारण आत्या असतील तर आत्यांविषयी बोलता येते.

तिच्या मनात आणखी एक बोच होती. गटाच्या तयारीच्या बैठकीत प्रमुखांनी सांगितले होते की, ज्याला सणाला घरची आठवण येणार असेल त्याने आताच नाव मागे घ्यावे, कारण रडक्या माणसांमुळे इतरांचा उत्साह जातो. हे वाक्य त्यांनी चांगल्या मनाने म्हटले असेल. तरीही अशी शिकवण मी घातक मानते, आणि तसे मी त्या गटाच्या जबाबदार व्यक्तींना थोरलीच्या संमतीने, तिचे नाव न घेता कळवले.

मिशनकार्याच्या इतिहासात या न बोललेल्या दुःखाची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांना आपण मराठीभाषक वेगळ्या कारणाने ओळखतो. १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरहून त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले आणि १८१० साली कोश. त्यांची पत्नी डोरोथी इंग्लंड सोडायला तयार नव्हती. १७९३ साली जहाज ऐन निघण्याच्या बेतात असताना, आपली बहीण सोबत येत असेल तर मी येते, या अटीवर ती मुले घेऊन निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डोरोथीचे मन सावरले नाही, आणि १८०७ साली ती वारली तोवरची बहुतेक वर्षे तिने भ्रमिष्ट अवस्थेत काढली. दोन शतकांनंतर मी तिचे निदान करणार नाही, आणि बारा दिवसांच्या शिबिराची त्या आयुष्यभराच्या स्थलांतराशी तुलनाही होऊ शकत नाही. पण तिच्या होकाराला किती वेळ मिळाला आणि तिच्या नकाराला किती ऐकले गेले, हा प्रश्न मला सतावतो. थोरलीला मी हे सांगितले ते एवढ्यासाठी की, घरची आठवण येणारी ती काही पहिली नव्हे, आणि ती आठवण दाबून टाकणे म्हणजे श्रद्धा नव्हे. ज्याचे घर प्रेमाचे आहे त्याला सणाच्या दिवशी घर आठवणारच.

मायलेकी एकत्र बसल्या ती भेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. वडीलही आले होते. ते फारसे बोलले नाहीत, पण सुरुवातीलाच त्यांनी ‘आम्हाला नाव मंदिरात ऐकावे लागले’ हे वाक्य उच्चारले आणि मला वाटते त्या एका वाक्याने निम्मे काम झाले. थोरलीने माफी मागितली. जाण्याबद्दल नव्हे, तर न विचारण्याबद्दल. हा फरक आईला लगेच कळला. मग थोरलीने आत्यांचे सांगितले, आणि चहा टाकायला आत जाण्याचेही सांगितले. आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. ‘मी आत जायचे कारण मला त्यांना गप्प करता येत नव्हते,’ ती म्हणाली. ‘तुला वाटले मी त्यांच्या बाजूची आहे?’

त्यानंतर तारखेचा प्रश्न निघाला. थोरली म्हणाली, आपण १ जानेवारीला सगळे मिळून नाताळ करू. नाताळाचा काळ ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो हे चर्चच्या पंचांगाला धरूनच होते, पण आईला ते पटेना. नाताळ म्हणजे २५, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असेच आहे. मला या ठिकाणी एक गोष्ट आठवते आणि ती मी अशा घरांना कधीकधी सांगते. आमच्या नगरच्या मंडळ्यांचा पाया ज्या अमेरिकन मराठी मिशनने घातला, त्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. ते अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशाच्या ज्या परंपरेतून आले तिथे नाताळ हा एके काळी सणच मानला जात नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे या दिवशी कायद्याने सुटी मिळाली ती १८५६ साली. करंजी, चांदणी, गल्लीतली रात्रीची गाणी, शेजारच्या घरी जाणारे ताट, हे सगळे आपल्या माणसांनी इथल्या मातीत, इथल्या सणांकडे पाहत उभे केले आहे. जे माणसांनी उभे केले त्यात घरापुरती फेरजुळणी करायला हरकत नसते.

पण मी आईची बाजूही सोडली नाही. ‘दुसरा नाताळ’ ठरवला की पहिला दुखत नाही, असे होत नाही. अनेक घरे हीच चूक करतात. १ जानेवारीचा बेत इतका रंगवतात की २५ तारखेच्या दुपारी ताटे वाटून झाल्यावर घरात जी शांतता पसरते तिच्यासाठी कुणीच तयार नसते. म्हणून आम्ही त्या भेटीचा उरलेला सगळा वेळ २४ आणि २५ या दोन दिवसांनाच दिला. आजींना मंदिरात धाकटा नेणार, शेजारी तोच बसणार. चांदणीच्या तारेखाली उभे राहायला मात्र कुणी नको, असे धाकट्याने परस्पर सांगून टाकले. यंदा तो अंदाजानेच बांधणार होता. आईने २५च्या दुपारी घरात एकटे न बसता शाळेतल्या एका मैत्रिणीकडे जायचे. आणि मंदिरात बायका ‘भाग्यवान’ म्हणतील तेव्हा हसून गप्प बसायचे नाही. आठवण येत असेल तर ‘आठवण येते’ असे सांगायचे.

फोनबद्दल मी थोडा आग्रह धरला. धडगावच्या डोंगराळ भागात अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि ‘जमेल तेव्हा करते’ असे ठरले की घरातली माणसे दिवसभर फोन हातात धरून बसतात व तो आला नाही की काहीतरी अघटित घडले असे समजतात. म्हणून दोन वेळा ठरवल्या: २३ला पायथ्याचे गाव सोडण्यापूर्वी आणि २६ला सकाळी, रेंज मिळणाऱ्या टेकडीवरून. त्यामधल्या शांततेचा अर्थ ‘सगळे ठीक आहे’ असा घ्यायचा. गटासोबतच्या डॉक्टरांचा आणि शिबिराच्या स्थानिक व्यवस्थापकांचा क्रमांक वडिलांनी लिहून घेतला. डोंगरात परक्या गावात ख्रिस्ती तरुणांचा गट जातो म्हटल्यावर आजच्या दिवसांत त्यांना जी धास्ती वाटत होती तीही त्यांनी बोलून दाखवली. थोरलीने शिबिर कुणाच्या परवानगीने आहे, कुठल्या आश्रमशाळेत मुक्काम आहे आणि तिथे ते केवळ आरोग्य तपासणीच करणार आहेत हे कागद दाखवून सांगितले, तेव्हा ते निवांत झाले. आईवडिलांची अशी काळजी मोघम धीर देऊन जात नाही. त्यांच्यासमोर कागद ठेवावेत.

आजींना मी भेटले नाही, पण त्यांचा एक निरोप त्या भेटीत पोहोचला. थोरली १८ तारखेला एक रात्र घरी येऊन जाणार होती, तर त्या रात्री करंज्या करा आणि मुरड घालूनच डबा द्या, असे त्यांनी सांगितले होते. मुरडीचे खाऊन गेलेले माणूस मुरडून घरी येते. निघणाऱ्या गौरीला आणि सासरी जाणाऱ्या लेकीला मुरडीचा कानवला देणाऱ्या मुलखातली ती म्हातारी. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातही ती समजूत तिच्यापाशी शाबूत होती. आईने हे सांगितले आणि थोरली पहिल्यांदा हसली.

पुढचे मला जानेवारीत कळले. १८च्या रात्री मायलेकींनी साडेअकरापर्यंत करंज्या केल्या, आणि आईने मुरड पुन्हा शिकून घेतली. निम्म्या करंज्या तिच्या हातच्या होत्या आणि त्यांतल्या काहींची कड तळताना सुटली, तरी त्या डब्यात गेल्याच. शिबिरात थोरलीने रोज शंभराच्या आसपास माणसांचे रक्त तपासले, रक्तदाब पाहिला, आणि पावरी भाषेतले मोजके शब्द शिकली, मुख्यतः ‘दुखते का’ आणि ‘घाबरू नका’. काम चालू असताना तिला काही जाणवले नाही. २४च्या रात्री स्थानिक मंडळीबरोबर ढोलावर गाणी झाली, शेकोटी विझत आली, कडाक्याची थंडी पडली आणि आश्रमशाळेच्या वर्गात तिने डबा उघडला. वरच्या थरातली करंजी कड सुटलेली होती, आईच्या हातची. ती करंजी हातात धरूनच तिला रडू कोसळले. शेजारच्या मुलीने काय झाले विचारल्यावर ‘पोटात दुखते’ असे सांगायचे तिच्या ओठांवर आले होते. ती म्हणाली, ‘घरची आठवण येते.’ मग ती दुसरी मुलगीही रडली. तिने घरी भांडून आल्याचे तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. दोघींनी चार करंज्या खाल्ल्या आणि झोपल्या. सकाळी गाण्यात दोघींचा आवाज बसलेला होता, पण दोघी गात होत्या.

घरी धाकट्याने आजींना पान भलतेच काढून दिले आणि आजींनी पुस्तक मिटून ते गाणे पाठ म्हटले. आई दुपारी मैत्रिणीकडे गेली, तिथे बरे वाटले, आणि परत येऊन भांडी घासताना मात्र रडली. २६च्या फोनवर तिने ‘कशी आहेस’ असे न विचारता ‘करंज्या पुरल्या का?’ असे विचारले. थोरली म्हणाली, ‘पुरल्या. मला फार आठवण आली, आई.’ आईने मला सांगितले की, तिला इतके वाईट वाटले आणि इतके बरे वाटले की दोन्ही एकाच वेळी कसे वाटते हे तिला कळेना. मला त्यात काही विचित्र वाटले नाही. मुलगी सुखात आहे हे ऐकायला आई आतुर असते, पण माझ्यावाचून मुलीचे काहीच अडले नाही हे तिला ऐकवत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. घरची आठवण लाटेसारखी येते आणि जाते. कामात, माणसांत, झोपेनंतर ओसरते. पण घरी परतल्यावरही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती नुसती आठवण समजू नये व प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरांनाही भेटावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरी राहिलेल्या आईवडिलांनाही हे तितकेच लागू आहे.

१ जानेवारीच्या जेवणाला आत्या आल्याच. विषय निघालाच. आई उठली, आणि थोरलीला वाटले की ती आत जाणार. आई उभी राहून म्हणाली, ‘वन्सं, तो विषय आज नाही. तिला बोलायचे असेल तेव्हा ती बोलेल.’ जेवण जरा अवघडलेले झाले, असे दोघींनीही मला प्रामाणिकपणे सांगितले. थोरलीने डब्याच्या तळाशी आजींसाठी दोन करंज्या राखून आणल्या होत्या, त्यांतली एक आजींनी दुधात भिजवून खाल्ली.

स्थळाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि त्यावर मायलेकींचे एकमतही नाही. मात्र पुढच्या ऑक्टोबरात, शिबिराची नोंदणी सुरू व्हायच्या आधी, थोरलीने पुण्याहून आईला फोन करून विचारले, ‘यंदाही जावेसे वाटते आहे. तुला काय वाटते?’ आईने विचार करायला दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत ती माझ्याकडे आली नाही; मला हे थोरलीकडून महिनाभराने समजले. तिसऱ्या दिवशी आईने उत्तर दिले, ‘जा. पण आजीला तू स्वतः येऊन सांग.’